नर्सबाईंचा कटला

“येईल हो. घाई कुणाला आहे?”

हे वाक्य आमच्या नर्सबाई दोन ठिकाणी म्हणत. प्रसूतीच्या खोलीत आणि तळ्याच्या काठावर. खोलीत ते ऐकून बाळंतिणीची सासू जरा गप्प बसे. तळ्यावर ऐकायला मी एकटाच असे, आणि मला खरंच घाई असे, कारण मासे धरण्यात मला काडीचाही रस नव्हता.

दिघीच्या खाडीपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं सरकारी आरोग्य केंद्र. मी तिथं औषधं देणारा. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत काम करूनही बाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. “ओ औषधवाले” एवढंच. त्या निवृत्त झाल्या आणि गावाला वाटलं, आता बाई तीर्थयात्रेला निघतील. बाईंनी गरी घेतली आणि तळ्यावर मासे गरवायला सुरुवात केली.

आता तुम्हीच सांगा, समुद्र हाकेच्या अंतरावर, सकाळी दारात ताजा बांगडा येतो आणि ही बाई गोड्या पाण्याच्या माशासाठी तळ्यावर जाऊन बसते. तो मासा आमच्याकडे कुणी आवडीने खातही नाही. चिखलाचा वास येतो म्हणतात. मी तसं बोललो तर म्हणाल्या, “खायला कोण आलंय? मी बसायला येते. जन्मभर माझ्यासमोर कुणी ना कुणी ओरडतच होतं. मासा ओरडत नाही.”

त्यांचा थाट बघण्यासारखा असे. साडी वर खोचलेली, पायात मुलाचे जुने बूट, डोक्याला प्लास्टिकची टोपी आणि हातात जावयाने मुंबईहून आणलेली रीळवाली काठी. पाण्यावरचं बूच जरा हललं की पुढे वाकून हळूच बोलायच्या, “ये बाळा, ये. घाबरू नको.” पेशंटशी बोलायच्या तश्शाच.

तळ्यात एक मोठा कटला आहे, असं त्या सांगत. पंचायतीने कधीतरी माशांची पिल्लं सोडली होती, त्यांतला हा उरलेला. त्यांनी त्याची पाठ दोनदा पाहिली होती. गावात यावर कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता, पण मी मान डोलवत असे.

एका वर्षी गौरी-गणपती झाले, चाकरमानी परत गेले, आणि आमच्या तरुण मंडळाने तळ्यावर गरवायची स्पर्धा ठेवली. सगळ्यांत मोठा मासा धरणाऱ्याला मिक्सर. बाई नाव द्यायला गेल्या, तर मंडळाचा अध्यक्ष डोकं खाजवायला लागला.

“बाई, तसं नियमात बायकांचं काय न्हाय...”

“नाही ना? मग लिही नाव. आणि माझ्यासमोर उभा राहून विचार करू नकोस. जन्मल्यावर तू रडत नव्हतास, तेव्हा तुझ्या पाठीत पहिली चापट मी मारली आहे.”

नाव लिहिलं गेलं. बरोबर मदतनीस हवा, म्हणून त्यांनी माझंही लिहायला लावलं.

त्या दिवसाच्या हवेला काही धरबंधच नव्हता. सकाळी असं ऊन की तळ्याकडे बघवेना. मग डोंगरावरून ढग खाली उतरले आणि समोरचा काठ दिसेनासा झाला. एक सर आली, गेली, पुन्हा ऊन. दुपारी वारा सुटला आणि मागोमाग असा पाऊस, की गरवणारे सगळे ताडपत्रीखाली पळाले. काठावर बाई आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरलेला मी, एवढेच राहिलो.

“बाई, चला आता.”

“पावसातच वर येतो तो.”

आणि बूच एकदम खाली गेलं. काठी वाकली, रीळ करकरत सुटलं. बाई उभ्या राहिल्या. पाण्यात भली मोठी पाठ वळली, खवले चमकले, आणि ताडपत्रीखालून आरडाओरडा झाला. या खेपेला तो सगळ्यांनी पाहिला. बाईंचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होतो, पण असा कधी पाहिला नव्हता. शाळेतल्या मुलीसारख्या हसत होत्या.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून एक रिक्षावाला धावत खाली आला. नखशिखांत भिजलेला.

“नर्सबाई हायत का इथं? वरच्या वाडीची पोरगी हाय रिक्षात. ओढा रस्त्यावरून चाललाय, गाडी फुडं जात न्हाय. तिची सासू म्हनते, डोकं दिसतंय!”

बाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं. एकदाच. मग काठी माझ्या हातात दिली.

“औषधवाले, तो ओढेल तेव्हा सोडायचं. थांबला की गुंडाळायचं. एवढंच.”

“बाई, मला कुठलं जमतंय!”

“मला तरी पहिल्या दिवशी कुठं जमत होतं?” असं म्हणत त्या चढाला लागल्यासुद्धा. जाता जाता कुणाला तरी गरम पाणी आणायला, कुणाला स्वच्छ पंचा शोधायला पिटाळलं. अध्यक्षाला ताडपत्री सोडून रिक्षाभोवती धरायला लावलं.

पुढचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. समोर मासा, पाठीमागे रिक्षा. मासा ओढी की मी सोडी, तो थांबला की मी गुंडाळी. वरून त्या पोरीचं ओरडणं येत होतं आणि त्यात बाईंचा शांत आवाज. “शाब्बास. आता दम घे. अजून जोर नको.” ते तिला होतं, पण मी सगळं माझ्यासाठीच समजून करत होतो. दम घ्या म्हटलं की मी दम घेतला. चष्म्यावर पाणी साचलं होतं. पाऊस तसाच थांबला, जसा आला होता, आणि कटला कुशीवर होऊन काठाला लागला. दोघांनी जाळी खाली घालून तो उचलला. मी चिखलात बसलो. आणि वरून बाळाचं रडणं ऐकू आलं.

सगळे टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी, ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने बाई खाली आल्या. हात कोपरापर्यंत धुतलेले, टोपी कुठंतरी पडलेली. “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत,” म्हणाल्या आणि माशाजवळ वाकल्या. त्याच्या पाठीवरून त्यांनी हळूच हात फिरवला.

“मोठा होता हो,” असं फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलल्या.

मग वाद सुरू झाला. ज्याने काठावर आणला, मासा त्याचा, असा नियम होता. अध्यक्ष रडकुंडीला आला. “नियम गेला खड्ड्यात, बक्षीस बाईंचं!” पण बाईच ऐकेनात. “नियम म्हणजे नियम. काठी यांच्या हातात होती.” शेवटी मासे धरण्यात काडीचाही रस नसलेल्या माणसाने व्यासपीठावर जाऊन मिक्सर घेतला. संध्याकाळी मी तो बाईंच्या घरी नेऊन दिला. घेईनात. पुष्कळ हो-नाही झालं, आणि असं ठरलं की मिक्सर त्यांच्या ओट्यावर राहील आणि ओल्या खोबऱ्याची चटणी माझ्या डब्यात येईल. ती कित्येक वर्षं येत राहिली.

गेल्या वर्षी बाई अंगणात पडल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. तळ्यावर आता कुणी बसत नाही. मी एकदा जाऊन आलो, पण मला एकट्याला तिथं काय करायचं ते कळेना.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. उंच इमारती, मधे बाग, बागेत एक छोटंसं शोभेचं तळं आणि त्यावर भुरभुर पाऊस.

“औषधवाले, मासे आहेत यात. मी बघून ठेवलेत.”

“बाई, तिथं गरवू देतील का?”

“वॉचमन कडक आहे. पण त्याची बायको पोटुशी आहे, काल जिन्यात दिसली. पोट खाली उतरलंय, दिवस भरत आलेत. तो बघा, आलाच.”

त्यांनी फोन कमरेला खोचला असावा. मला नुसता काळोख दिसत होता आणि आवाज येत होता.

“आजी, इथं बसायला मनाई आहे.”

“बरं. बायकोला उद्या माझ्याकडे घेऊन ये, तपासते. आणि ती खुर्ची जरा इकडं सरकव.”