दुःखाच्या घरचा लोंगर

त्या वर्षी मी दर रविवारी देवळात जात होतो, पण प्रार्थना करत नव्हतो. नाताळनंतर माझी पत्नी काविळीने गेली. तिच्या आजारपणात मी जेवढ्या माळा जपल्या, तेवढ्या उभ्या आयुष्यात जपल्या नव्हत्या. ती गेल्यावर सांत्वनाला येणारा प्रत्येक जण ‘देवाची इच्छा’ म्हणून चहा पिऊन जाई. अशी इच्छा धरणाऱ्याशी आपलं बोलणं संपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. देवळात जाणं तेवढं चालू ठेवलं, कारण मी गावचा मास्तर. मी गेलो नसतो तर गावाला बोलायला आयता विषय मिळाला असता.

त्याच सुमारास देवळाच्या छपराचं आढं वाळवीने पोखरल्याचं लक्षात आलं. रविवारच्या उपासनेला, भर मिस्सेत लाकडाची एक ढलपी खाली पडली, तेव्हा फादरांनी डावीकडच्या बाकांना दोर बांधला आणि अख्खं धर्मग्राम उजवीकडे दाटीवाटीने बसू लागलं. पिढ्यान्पिढ्या एकमेकांकडे न पाहणारी घराणी एका बाकावर आली. बिशपांच्या पत्रांनी जे साधलं नव्हतं ते वाळवीने साधलं. पण पावसाआधी आढं बदललं नाही तर देऊळ बंद करावं लागणार होतं, आणि स्वयंसेवक जमवून निधी उभा करायचं काम फादरांनी माझ्यावर टाकलं. “मास्तर, लोक तुम्हाला थोडे घाबरतात,” एवढंच कारण त्यांनी दिलं. नाही म्हणायलासुद्धा उत्साह लागतो. तो नव्हता, म्हणून मी हो म्हणालो.

स्वयंसेवकांची पहिली बैठक देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, याच चर्चेत संपली. निधीचा खरा मार्ग सर्वांना ठाऊक होता. आमच्याकडे मे महिन्यातल्या सणाला मिस्सा झाली की देवळासमोर लिलाव होतो. बागायती वाड्यांमधून आलेले केळीचे लोंगर म्हणजे अख्खे घड, नारळ, कोंबड्या लोक चढ्या बोलीने घेतात. त्यासाठी आधी स्वयंसेवक घरोघर फिरून आमंत्रण देतात आणि वस्तू मागतात. रीत एकच, वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी जायचं नाही. लिलावात बॅण्ड वाजतो, थट्टामस्करी चालते. दुःखाच्या घराला त्याचा त्रास कशाला, असा त्यामागचा विचार. ही रीत पाळायला मीच स्वयंसेवकांना सांगितलं. स्वयंसेवक माझ्याच दारावरून पुढे गेले तेव्हा मला बरंच वाटलं.

त्या वर्षी काविळीने गावातली बरीच घरं काळ्या कपड्यात होती. विहिरींचं पाणी मचूळ होऊ लागल्याने वाड्याही रोडावल्या होत्या. सणाच्या दिवशी टेबलावर जे जमलं ते पाहून बॅण्डवालेही हळू वाजवू लागले. लिलाव पुकारणारा इनास गळा फाडून ओरडत होता, “काय रे अंतोन, भावाच्या लग्नात तुझा आवाज पार गिरीज गावापर्यंत गेला होता, आज दातखीळ बसली?” लोक हसले, पण बोली चढेना. मी बाजूला उभा होतो. देऊळ बंद होणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं, हे अधिक भयंकर होतं.

तेवढ्यात नातालमावशी आली. तिचा एकुलता एक मुलगा माझ्या पत्नीच्या मागोमाग गेला होता. काळ्या लुगड्यातली ती म्हातारी केळीचा मोठा लोंगर कमरेवर घेऊन गर्दीतून वाट काढत होती. बॅण्ड आपोआप थांबला.

“आमच्या दारावरून गेला, आत का नाय आला?” तिने इनासला विचारलं.

“मावशी, दुःखाचं घर तुझं... कसं मागायचं?”

“पोर माझा मेला. मी मेले काय? का देव फक्त बॅण्डवाल्यांच्याच घरी येतो?”

इनासने टेबलावरचे नारळ सारून जागा केली. तिने लोंगर टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळली. “मास्तर, तुमच्या घरून काय आलं?”

“काही नाही, मावशी.”

“मग आणा की.”

एवढंच. आवाजात दया नव्हती, रागही नव्हता. मी घरी गेलो. पत्नीची तुरेवाली कोंबडी परसात चरत होती. मी तिला दाणे टाकत होतो, पण कधी हातात घेतलं नव्हतं. आता तिला काखेत घेऊन परत येताना पाहिलं, तर कडेला उभी असलेली काळ्या कपड्यातली माणसं एकेक करून घराकडे वळत होती. कोणी नारळ घेऊन येत होतं, कोणी तांदूळ. नातालमावशीचा लोंगर ज्याने बोली लावून घेतला त्याने पैसे भरून तो पुन्हा लिलावासाठी टेबलावर ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही ठेवला. असं ऊन कलेपर्यंत चाललं. माझी कोंबडी पुकारताना इनासने एकही विनोद केला नाही. त्याचे त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले.

पावसाआधी नवं आढं चढलं. त्या दिवशी घरी येऊन मी गुडघे टेकले, असं लिहिता आलं असतं तर हा अनुभव अधिक शोभला असता. तसं झालं नाही. पुष्कळ महिन्यांनी, मृतांच्या मिस्सेत, पत्नीचं नाव वाचलं गेलं आणि माझे ओठ इतरांबरोबर हलत असल्याचं माझ्या लक्षात आलं. ते केव्हापासून हलत होते, मला सांगता येणार नाही.

ती का गेली हे आजही मला कळलेलं नाही, आणि त्याचा जाब मागणं मी सोडलं आहे. दुःखी माणसाकडे काही मागू नये, हा आपला शिष्टाचार. देवाने तो माझ्या बाबतीत पाळला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.