भाकरी खाताना काढलेला फोटो

माझ्या आईला लोकांसमोर खाता येत नाही. शेतात बायका जेवायला बसल्या तरी ती जरा बाजूला तोंड फिरवून बसते. मला जळगावच्या कॉलेजात सोडायला ती पिंपळनेरहून धुळ्यापर्यंत आली होती. तिथल्या स्टँडवर तिने भिंतीकडे तोंड करून भाकरीचं फडकं सोडलं. मी जळगावच्या गाडीची चौकशी करायला गेलो. तेवढ्यात कोणीतरी तिचा फोटो काढला. तिला कळलं नाही, मलाही नाही.

तो मला दिसला दिवाळीनंतर, कॉलेजच्या हॉलमध्ये, फोटो क्लबच्या प्रदर्शनात. मोठी फ्रेम, काळापांढरा फोटो. तोंडात घास, गाल फुगलेला, ओठाला ठेचा लागलेला. खाली नाव लिहिलं होतं, ‘भूक’.

भूक कसली? घरून भाकरी बांधून आणल्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या पिशवीत होत्या.

फोटोभोवती मुलं उभी होती आणि क्लबचे सर समजावत होते. कॅमेरा छातीशी धरायचा, नजर दुसरीकडे ठेवायची. मागच्या पाटीचा फोटो काढतोय असं दाखवायचं. आवाज बंद ठेवायचा. “समोरच्याला कळलं की फोटो मेला,” सर म्हणाले. “या बाई तर भिंतीकडे तोंड करून होत्या. आपला पठ्ठ्या पाणपोईच्या आडून गेला आणि थांबून राहिला.”

म्हणजे ती तोंड लपवतेय हे त्याला दिसलं होतं. दिसलं म्हणूनच तो वळसा घालून गेला.

सरांशी बोलताना माझी जीभ अडखळते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तरी म्हणालो, “सर, ही माझी आई आहे.”

“अरे, मग तुला अभिमान वाटायला हवा. हा आपण स्पर्धेला पाठवतोय.”

“तिला विचारलं नव्हतं, सर.”

सार्वजनिक जागेत विचारावं लागत नाही, असं ते म्हणाले. विचारलं की माणूस नैसर्गिक राहत नाही, असंही म्हणाले. मुलं माना डोलावत होती.

संध्याकाळी आईला फोन करून फोटोचं सांगितलं.

“कोनता लुगडामा शे मी?” तिने अहिराणीत विचारलं.

“काळापांढरा फोटो आहे, रंग दिसत नाही. भाकर खाताना काढलाय. कॉलेजच्या हॉलमध्ये लावलाय, सगळी मुलं बघतात.”

ती म्हणाली, “बठ्ठा पोरं दखतस का? काढाले लाव, भाऊ.” मला ती भाऊच म्हणते; फोटो तिला तिथून उतरवून हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो फोटो काढणारा, तिसऱ्या वर्षाचा मुलगा, पार्किंगमध्ये सापडला. फ्रेम उतरवायला तो तयार झाला. मूळ फोटो माझ्यासमोर डिलीट कर म्हटल्यावर म्हणाला, “तो घरच्या कॉम्प्युटरवर आहे.”

“मग घरी चल.”

“येडा आहेस का तू?”

मी त्याच्या गाडीसमोरून हललो नाही. शेवटी त्याने मला मागे बसवलं. मेहरूणला त्याचं घर होतं, तिथपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. वाटत होतं, याला कळलंच नसेल. नीट सांगितलं तर कळेल.

दाराशी त्याने मला हाताने थांबवलं. “इथेच थांब जरा. आई गाऊनवर असेल.” आत जाऊन म्हणाला, “आई, ओढणी घे, बाहेरचा मुलगा आलाय.” मग मला बोलावलं.

त्याच्या आईने खांद्यावरची ओढणी सावरत पाणी दिलं. “पसाऱ्याकडे बघू नका हं,” त्या म्हणाल्या. त्यांच्यावर माझा काही राग नव्हता. पण जुळवलेली वाक्यं तिथेच संपली. याला सगळं कळत होतं. कोणाच्या आईला विचारायचं आणि कोणाच्या नाही, तेही याचं ठरलेलं होतं.

त्या आत गेल्यावर मी म्हणालो, “तुझ्या आईसाठी मला दारात थांबवलंस.”

“हे घर आहे रे.”

“आणि माझी आई स्टँडवर बसली होती, म्हणून?”

तो कॉम्प्युटरकडे वळला. त्याने फोटो डिलीट केला, रीसायकल बिनही रिकामं केलं. खुर्ची मागे सारत म्हणाला, “झालं? फोटो मात्र खरंच भारी होता.”

“आता मोबाइल काढ, त्यातलाही डिलीट कर,” मी म्हणालो.