खिडकीतली पाचवी

शाईताईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या कडेला, एक काळा डाग होता. साबण, लिंबू, घासणी, सगळं करून झालं. डाग काही हलला नाही. मग त्यांनीही त्याचा नाद सोडला. मुलांच्या कॉमिकसाठी पेन्सिलीने काढलेल्या चित्रांवर शाई फिरवायची, हे त्यांचं काम. चित्रं काढायचा त्यांचा धाकटा भाऊ. तो पन्नाशीला टेकला होता, तरी त्या त्याला छोट्याच म्हणत. कचेरीत मात्र सगळे त्याला खोडरबर म्हणत, आणि ते नाव त्याला शोभतही होतं.

छोट्याचा हात चांगला, पण मन भित्रं. झकास चेहरा काढायचा, लांबून बघायचा, मान हलवायचा आणि पुसून टाकायचा. पान ताईंकडे यायचं तेव्हा अर्धंअधिक खोडलेलं असायचं. ताई ते उजेडाकडे नेऊन तिरपं धरत. पेन्सिल पुसली तरी कागदावर तिचा दाब उरतो, आणि उजेड आडवा पडला की बारीक चर दिसतो. त्या चरातून कुंचला फिरवून ताई खोडलेली रेष पुन्हा जागेवर आणून ठेवत. छापील अंक हातात आला की छोट्या म्हणायचा, बरं झालं हे राहू दिलं. कुणी राहू दिलं, हे बोलून दाखवायची पद्धत दोघांत नव्हती. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

‘जिन्याखालची टोळी’ हे त्यांचं जुनं कॉमिक. एका इमारतीतली पाच मुलं आणि पाचांच्याही अंगात अचाट शक्ती. जुन्या अंकात आकाशातून एक चमकता दगड पडायचा आणि पाचांचं काम एकदम होऊन जायचं. आता तेच कॉमिक मोठ्या मुलांसाठी, आठवी-नववीच्या वाचकांसाठी नव्याने निघणार होतं, आणि नव्या संपादकबाईंना तो दगड नको होता. या वयातल्या मुलांना फुकट मिळालेलं काही खरं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्याची त्याची शक्ती ज्याच्या त्याच्या घरातून आली पाहिजे.

छोट्याने मग लहानपणीच्या इमारतीतले सवंगडी आठवून काढले. एकाला वडील आज कसे घरी येताहेत हे जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. त्याला आता गावाच्या दुसऱ्या टोकाचं ऐकू येणार होतं. दोघा जुळ्यांत बुटांचा एकच जोड. सकाळच्या शाळेतला धावत घरी यायचा आणि दुपारच्या शाळेतला तेच गरम बूट घालून धावत सुटायचा. ते आता वाऱ्याच्या पुढे पळणार होते. पाण्याचे कॅन वरच्या मजल्यावर चढवणारी एक दणकट मुलगी होती. ती ट्रक उचलणार होती.

राहिली पाचवी. जुन्या अंकात ती अदृश्य व्हायची. छोट्या तिच्या जागी नुसती तुटक रेष मारायचा आणि म्हणायचा, ही पोरगी गुणी आहे, माझा अर्धा दिवस वाचवते. या खेपेला त्याने विनोद केला नाही. ताईंसमोर कच्चं चित्र ठेवलं आणि म्हणाला, “ही तू आहेस.”

“मी कुठली?”

“खिडकीतली.”

ताईंनी चित्र पाहिलं आणि चहा गाळायला आत गेल्या. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात कुणीतरी थांबणं भाग होतं. मुलं खाली जिन्यापाशी खेळत. ताई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, एक कान आईकडे ठेवून, खालचा खेळ बघत. वर कुणी बघत नसे. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती; असली तरी कुणी ऐकली नव्हती. पण आता त्या पक्क्या पानाची वाट बघू लागल्या. जन्मभर टोळीतल्या प्रत्येकाला शाई दिली. त्यातलं एक आपण असावं, एवढंच त्यांना हवं होतं. मागून घेणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पक्कं पान आधी संपादकबाईंकडे गेलं. बाईंनी ते पाहिलं आणि चौघं पुरेत म्हणाल्या. दिसत नाही अशी मुलगी पानावर येऊन करणार काय? छोट्याला कुणाला नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. त्याने तिथेच बसून पाचवीला खोडलं. ताईंना तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पान पाकिटात घालून शिपायाबरोबर पाठवून दिलं.

ताईंनी पाकीट उघडलं तर खिडकी रिकामी. त्यांनी नेहमीसारखं पान तिरपं धरलं. एवढा जोर लावून छोट्या कधी खोडत नसे. डोळे, नाक, वेणी, सगळं घासून गेलं होतं. उरली होती फक्त बाहेरची कड, डोक्यापासून चौकटीवर टेकलेल्या हातापर्यंत.

घाबरलं वेडं, असं त्यांना वाटलं. बहिणीला काढायचं म्हणून जरा जास्तच खोडलं असेल. चेहरा त्यांना नव्याने काढता आला असता, पण छोट्याने न काढलेली रेष त्यांनी आजवर मारली नव्हती. त्यांनी कड गिरवली आणि आत सरळ काळं भरलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच पान घेऊन कचेरीत गेल्या. छोट्याने ते पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

“ताई, हिला कशाला काढलंस?”

“तू खोडलीस म्हणून.”

फुग्यांतली वाक्यं लिहिणारे अक्षरकाका शेजारच्या टेबलावर होते. ते फिसकन हसले. छोट्या हसला नाही.

“या वेळी खरंच खोडली होती गं. बाईंनी सांगितलं होतं.”

“मग तसं सांगायचंस,” ताई एवढंच म्हणाल्या, आणि पिशवीतून पांढऱ्या रंगाची बाटली काढून हलवू लागल्या. तेवढ्यात बाई आल्या. चूक माझी आहे, आत्ता पांढरं करून देते, असं ताईंनी त्यांना सांगितलं आणि बाटलीचं झाकण उघडलं.

बाईंनी पान उचलून घेतलं. खाली जिन्यापाशी दिव्याच्या उजेडात चार मुलं, आणि वर खिडकीत ती काळी आकृती. त्यांनी अक्षरकाकांना विचारलं, आधी कुणाकडे लक्ष गेलं? काका म्हणाले, वरच्या पोरीकडे, आणि मग ती कुणाकडे बघतेय म्हणून खाली. मग बाईंनी छोट्याला विचारलं,

“ही खाली कधी येते?”

लहानपणी छोट्याने कधी वर पाहिलंच नव्हतं. तो ताईंकडे बघू लागला.

“आईला झोप लागली की,” ताई म्हणाल्या. “चप्पल हातात घेऊन. जिना वाजतो ना.”

“आणि खाली कुणाला कळत नाही?”

“अंधारात थांबायचं. यांचा खेळ संपायच्या आत परत वर.”

छोट्या मान खाली घालून टेबलावरचा रबराचा चुरा बोटाने गोळा करत होता.

“त्या बाटलीला झाकण लावा,” बाई म्हणाल्या, “रंग वाळेल.” आणि छोट्याला सांगितलं, पुढचं पान जिन्याचं.

ते पान आठवड्याभरात ताईंच्या घरी आलं. अंधारा जिना, हातात चपला धरलेली मुलगी. ताईंनी सवयीने पान उजेडात तिरपं धरलं. चर कुठेच नव्हता. चेहरा पहिल्या फटक्यात काढलेला होता आणि तसाच ठेवलेला होता. नाक जरा मोठं झालं होतं. ताईंनी ते दुरुस्त केलं नाही. कुंचला शाईत बुडवला आणि चपलांपासून सुरुवात केली.