यादव सिस्टरांचे आकडे

यादव सिस्टर आकडा नुसता सांगत नसत. समोरचा "ऐकलं" म्हणेपर्यंत त्या दुसऱ्या कामाला हात लावत नसत. सांगलीतल्या एका छोट्या रुग्णालयात मी ऑपरेशन थिएटरचा तंत्रज्ञ म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाराशे गेलं, हजार आलं, फरक दोनशे. ऐकलं का?" मी मान हलवली.

"मान न्हाई रं, तोंड हलव."

गर्भाशयात दुर्बीण घालून गाठ काढताना आतलं दिसावं म्हणून पिशवीतून सतत द्रव सोडावा लागतो. सोडलेलं सगळं परत येत नाही. काही रक्तात शिरतं. ते फार झालं तर रक्तातलं मीठ उतरतं, मेंदूला सूज येते. आम्ही वापरायचो त्या द्रवाला हजार मिलिलिटर फरकाची हद्द होती. मोजणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सिस्टर होत्या.

एकदा तासगावची एक तरुण बाई टेबलावर होती. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. फरक चौदाशेवर गेला. सर्जन मॅडम म्हणाल्या, "लादी ओली आहे, सिस्टर. बाकीचं खाली सांडलंय. पाच मिनिटांत गाठ संपते."

सिस्टर गुडघ्यावर बसल्या. कोरडी असताना वजन करून ठेवलेली फडकी त्यांनी लादीवर फिरवली आणि बाळांच्या वजनकाट्यावर टाकली. तीनशे ग्रॅम जास्त भरलं.

"खाली तीनशेच हाय. अकराशे आत गेलंय. थांबा मॅडम."

"अर्धी गाठ तशीच ठेवू?"

"गाठ पुन्हा काढता येईल. ऐकलं का?"

मॅडम चिडल्या होत्या, पण "ऐकलं" म्हणाल्या आणि थांबल्या. रक्त तपासलं तर मीठ उतरलेलंच होतं. बाई संध्याकाळपर्यंत गुंगीत होती, मग सावरली. उरलेली गाठ दोन महिन्यांनी निघाली. तिच्या सासूनं सिस्टरांना बेदाण्याचा डबा आणून दिला. सिस्टरांनी तो सगळ्यांत वाटून टाकला. "घरी कोण खातंय?" म्हणाल्या.

निवृत्त होऊन त्या मेढ्याला गेल्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ वारलेला. पुढं हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी ठरवून दिलं. प्यालेलं पाणी आणि झालेली लघवी रोज मोजायची; पाणी अंगात साचलं तर जिवाला धोका. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला मला फोन यायचा.

"साडेनऊशे गेलं, आठशे आलं. ऐकलं का?"

"ऐकलं. जेवलात का?"

"आकडा झाला न्हवं? ठेव."

गेल्या हिवाळ्यात मी पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. सातला फोन वाजला. पंगत बसत होती. नंतर करू म्हणून मी तो खिशात ठेवला आणि विसरलो. सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. सिस्टर रात्रीच वारल्या होत्या.

मेढ्याच्या त्यांच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं. रोजच्या चौकोनात तीन आकडे आणि पुढं बरोबरची खूण. शेजारीण म्हणाली, "तुमी ऐकलं म्हणलं की ती खूण करायच्या."

शेवटच्या चौकोनात होतं: गेलं ९००, आलं ३००, फरक ६००. खूण नव्हती.

सहाशे ऐकल्यावर मी पंगतीतून उठलोच असतो. साताऱ्याहून मेढा तासभरसुद्धा नाही.