पोरीला रागावणारं माणूस

परदेशी राहायला गेलेल्या माणसाकडे किस्से कसे साठतात सांगू? दमट दिवसांत घरात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. एक काढावा तर त्याच्या आड दुसरा लोंबतच असतो! जपानमध्ये मनीकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, येऊन मला आता बरेच दिवस झाले. पुढच्या आठवड्यात परतायचं. जव्हारच्या आमच्या हरिपाठाच्या बायका फोनवर विचारतात, "काय काय पाहिलंत हो?" पाहिलं फार नाही. घडलं मात्र पुष्कळ!

पण आधी नवसाचं सांगते. मनी इथल्या एका डोंगराळ गावात, वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा उतरलेला दिसला. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, कामाच्या धबडग्यात बाईसाहेब कित्येक दिवस नुसत्या बिस्किटांवर होत्या!

"अगं, कोणी रागावलं नाही तुला?"

"इथे कोणी रागावत नाही आई. सगळे खूप चांगले आहेत. नुसते चांगलेच आहेत."

ते 'नुसते' मला टोचत राहिलं. आमच्या आळीत पोर जेवली नाही असं कळलं, तर शेजारीण आधी झापते आणि मग ताट वाढते. मी महालक्ष्मीपुढे हात जोडले. माझ्या पोरीला तिथं हक्कानं रागावणारं एक माणूस मिळू दे, तोवर साखर सोडली!

आमच्या ह्यांनी ऐकलं. म्हणाले, "लोक मुलीसाठी नोकरी मागतात, नवरा मागतात. तू शिव्या मागतेस?"

"मागते! देवीला कळलंय मला काय हवंय ते."

*

साखर सोडून इथे आले, तर इथला चहा हिरवागार. त्यात दूध नाही आणि साखर तर कोणीच घालत नाही! म्हणजे माझा नवस फुकटात चाललेला. देवीला वाटायचं, ही बाई आपल्याला फसवते. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात दहीसुद्धा सोडून टाकलं. तेवढाच जिवाला स्वस्थपणा!

*

आमच्या शेजारी मोरीता आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, ताठ कण्याच्या. पहिल्या दिवशी जिन्यात भेटल्या आणि कमरेत वाकल्या. आता मोठं माणूस आपल्यापुढे वाकतंय, हे बरं दिसतं का? मी त्यांच्यापेक्षा जास्त वाकले. त्या माझ्यापेक्षा जास्त वाकल्या. असं दोन-चारदा झाल्यावर मला काही सुचेना. मी सरळ खाली बसून त्यांच्या पायांना हात लावला.

तर आजीही खाली बसल्या आणि जमिनीवर शोधायला लागल्या! त्यांना वाटलं, माझं काहीतरी पडलं. तेवढ्यात पोस्टमन आला. तोही पिशवी बाजूला ठेवून शोधायला लागला. मी आपली "नाही नाही" म्हणत हात हलवतेय, पण ऐकतंय कोण!

शेवटी पोस्टमनला एक बटण सापडलं. त्याने ते दोन्ही हातांनी मला दिलं, मी दोन्ही हातांनी घेतलं. बटण कोणाचं, ते अजून कळलेलं नाही!

*

इथल्या संडासात एक बटण दाबलं की वाहत्या पाण्याचा आवाज येतो. पाणी येत नाही, नुसता आवाज. आतल्याचं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ही सोय. मला त्याचं फार कौतुक! मी सूर्यमाळला नणंदेला फोन करून मुद्दाम तो आवाज ऐकवला.

"वन्सं, ऐकलंत का? किती सुधारलेला देश!"

"म्हंजे पानी नाय? नुसता आवाज?"

"नुसता आवाज."

"मंग वहिनी, तेवढा तर आमच्याकडं पन हाय की! उन्हाळ्यात नळ सोडला का सूं सूं सूं... आवाजच येतो!"

*

नवस केला म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नसतं. आपणही थोडं हलावं लागतं. मनीच्या कामावर तिच्या वरच्या बाईंची ओळख झाली, तेव्हा मी भाषांतर करणारा मोबाइल पुढे धरला आणि म्हटलं, "माझ्या मुलीला जरा रागवत जा."

मोबाइलने ते जपानीत सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला! तीनदा वाकल्या. आमचं काय चुकलं, मनी किती गुणी आहे, तुम्हाला काळजी वाटली याबद्दल क्षमा करा, असं बराच वेळ चाललं. दुसऱ्या दिवशी त्या बाई आणि कामावरची आणखी एकजण रेशमी कापडात बांधलेला खोका घेऊन घरी हजर. उघडून बघते तर मिठाई! साखर सोडलेल्या बाईला!

मनी पोट धरून हसली. "आई, तक्रार तू केलीस आणि बक्षीस मला मिळालं!"

*

इमारतीच्या मागे भातखाचरं आहेत. एक आजोबा यंत्रावर बसून रोपं लावत होते. यंत्र सरळ जातं, पण वळताना कोपरे मोकळे सोडतं. मी कठड्यावरून बघत होते. मी पोशेऱ्याची, भातशेतीच्या गावची लेक, मोकळा कोपरा मला बघवेना! खाली गेले, कोपऱ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. आजोबा "हो" म्हणाले की "नको", ते कळलं नाही. मी हो धरलं आणि साडी खोचून उतरले.

पाय पोटरीपर्यंत गेला आणि काय सांगू, चिखल अगदी ओळखीचा निघाला! रोपं हातात आली तसा हात आपोआप चालू लागला. आजोबांनी यंत्र थांबवलं. त्यांच्या बायकोला हाक मारली. ती आली, तिची जाऊ आली, दोघीही गमबूट घालून माझ्या शेजारी वाकल्या. एकमेकींची भाषा येत नाही, पण कोपरे सगळे भरले! शेवटी आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

मनीने व्हिडिओ काढून पोशेऱ्याला माझ्या भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन.

"आक्का, विमानानं जपानला गेलीस ती आवणी कराया? हितं बोलावतो तवा तुझी कंबर दुखते!"

*

आता परवाचं सांगते. सकाळी मनीच्या अंगात ताप होता. मी म्हटलं, जाऊ नकोस. तर मास्क लावत म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात तू नसशील. तेव्हा कोण अडवणार आहे? सवय करू दे." आणि सायकल काढली. मी मागे धावले.

मोरीता आजी खाली इमारतीच्या दारापुढे झाडत होत्या. मनी नेहमीसारखी वाकली. आजींनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, पुढे आल्या, तिच्या कपाळाला हात लावला.

आणि हातातला झाडू आपटला! आवाज असा चढला की समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट मनीच्या नाकापुढे. बोलता बोलता सायकलची किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मनी पाचवीतल्या पोरीसारखी मान खाली घालून उभी.

"काय गं म्हणतात?" मी घाबरतच विचारलं.

मनी रडत होती आणि हसतही होती. "म्हणतात, मूर्ख मुली, एवढी तापलीस आणि निघालीस कुठे? शेजारी मी राहते की भिंत राहते?"

तेवढ्यात ते बोट माझ्याकडे वळलं.

"आणि हे?"

"हे तुला. आई असून जाऊ कसं देता, म्हणतात!"

मी तिथेच महालक्ष्मीला हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आजींना त्याचं वाईट वाटलं असावं. काल सकाळी त्या चांगले कपडे घालून, केस नीट करून दारात आल्या आणि इतक्या वाकल्या की मला त्यांच्या पाठीची काळजी वाटली. आवाज चढवला म्हणून माफी मागायला आल्या होत्या! मी मोबाइल तोंडाशी धरला आणि सावकाश म्हटलं, "माफी मागू नका. मी गेल्यावरही असंच ओरडत जा."

आजींनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग चपला काढून माझ्या शेजारून सरळ आत गेल्या, मनीच्या अंथरुणाशी. तिथे पेजेचा वाडगा अर्धा तसाच होता.

आवाज पुन्हा चढला!

तुमच्याही शेजारी परगावची एखादी पोर खोली घेऊन राहत असेल. मलूल चेहऱ्याने कामाला निघालेली दिसली, तर एवढं करा. तिला अडवा आणि रागवा. जरा जोरातच रागवा!