दात लावलेला घास

चाळीस वर्षं नारीनच्या डोंगरात मेंढरं राखणारा काचकीन लांडग्यालाही भ्याला नव्हता. आज मात्र सुईच्या नावानं त्याला घाम फुटला होता. यकृतातल्या गाठीत पाणी साचलं होतं आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टर ते सुईनं काढणार होते.

"आबा, खरं सांगा, सकाळपासून काही खाल्लंत?" नर्सनं तिसऱ्यांदा विचारलं. "भुलीत उलटी झाली तर जिवावर बेतेल!"

काचकीन खिसा चाचपू लागला. बायको बुरुल जमिनीकडे बघत होती. पहाटे तीच नान घेऊन दारात आडवी उभी राहिली होती. तिकडची रीतच होती: प्रवासाला निघणाऱ्यानं एक घास तोडून खायचा, म्हणजे तो सुखरूप परत येतो; उरलेला नान तो परत येईपर्यंत घरात टांगून ठेवायचा.

"मीच भरवला," ती शेवटी पुटपुटली. "एकच घास."

नर्सनं हातातला कागद टेबलावर आपटला. तेवढ्यात काचकीननं खिशातून रुमाल काढून उलगडला. आत दातांच्या खुणा असलेला तुकडा होता.

"तोडला, पण गिळला नाही."

"म्हणजे मला फसवलंत?" बुरुल कडाडली. "अशानं माणूस परत येतो का?"

"न येऊन कसं चालेल?" काचकीननं तुकडा तिच्या मुठीत कोंबला. "माझा घास अजून गिळायचा राहिलाय."