शेजारी सारखं अक्षर नको

वडनेर भोलजीच्या देवळासमोर भंडाऱ्याची पंगत बसली होती, आणि समोरच्याच ओसरीत भगवानरावांची सून सुचिता लॅपटॉप मांडीवर घेऊन घामाघूम झाली होती.

माहेरी असताना गणितात वर्गात पहिली येणारी ही बाई, लेकरं शाळेत जायला लागली तशी पुन्हा शिकायला निघाली. खामगावच्या संगणक वर्गात फुकट जागा मिळत होती. त्यासाठी एक गणित सोडवणारा प्रोग्रॅम लिहून दुपारी दोनच्या आत पाठवायचा. मागच्या खेपेला ती राहिली होती. सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, सकाळीच बजावलं होतं, "या खेपेले नाही झालं, तं ते मशीन बंद करून ठेवजो बाई."

गणित दिसायला सोपं. अक्षरांची एक ओळ. त्यातली कमीत कमी अक्षरं खोडायची, पण शेजारी-शेजारी सारखी दोन अक्षरं उरता कामा नयेत. सुचिताचा प्रोग्रॅम एक अक्षर खोडायचा आणि पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून तपासायला लागायचा. लहान ओळ झटक्यात सुटायची. लांबलचक ओळ आली की पडद्यावरचं चाक गरगरत राही, आणि लाल शेरा: वेळ संपली.

तेवढ्यात मांडवातून भगवानरावांचा खणखणीत आवाज आला. वरणाची बादली घेतलेला गोविंदा थोडं वाढून झालं की पहिल्या पानाकडे परत जात होता.

"काऊन बे गोविंदा, मांगं काऊन जाऊन राह्यला?"

"कोनाचं राह्यलं का पाहतो, काका."

"ज्याले वाढलं त्याले वाढलं! समोर चाल. तिकडच्यायच्या बट्ट्या वरणाबिगर वाळून राह्यल्या!"

पंगतीत हशा पिकला. सुचिता मात्र ताठ बसली. मागे जायचंच कशाला? ठेवलेलं शेवटचं अक्षर तेवढं ध्यानात धरायचं. पुढचं तसंच आलं तर खोडायचं, वेगळं आलं तर ठेवायचं, आणि पुढे सरकायचं. ऑनलाइन धड्यातल्या सरांनी शिकवलेली 'ग्रीडी', म्हणजे हावरी, पद्धत ती हीच: समोर आलं त्याचा तिथंच निकाल. अशानं जास्तीची तर खोडली जाणार नाहीत? नाही. सारख्या अक्षरांच्या घोळक्यातून एकच उरणार, आणि त्याहून जास्त ठेवायला वावच नाही.

तिनं प्रोग्रॅमच्या चार ओळी बदलल्या आणि पाठवलं. चाक फिरलं... आणि थांबलं. हिरवी अक्षरं उमटली: प्रवेश निश्चित.

"काय झालं वं?" शालूबाई पदराला हात पुसत आल्या.

"जागा भेटली, आत्याबाई. सोमवारपासून खामगाव."

शालूबाईंनी पदरानं लॅपटॉपवरची धूळ पुसली. "मंग लेकराइचं मी पाहतो. तू सकायची बस चुकवू नको."

सुचितानं भिंतीला डोकं टेकलं आणि भला लांब श्वास सोडला.

"हळू वं माय," शालूबाई म्हणाल्या, "अंगनातली तुयस हालली!"